कात्री न लागलेलं कापड

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी रात्री मी मुंबईहून निघाले. लेक मेक्सिकोतल्या केरेतारो शहरात नोकरी करते. ती गेलं वर्षभर बोलवत होती, पण माझा पाय निघाला तो एका अंगरख्यामुळे. मागच्या दिवाळीत तिने दक्षिणेकडच्या वाहाकाहून मला एक लांबरुंद, चौकोनी, लाल नक्षीचा अंगरखा पाठवला होता. त्याला तिकडे ‘विपील’ म्हणतात. माझं माहेर येवल्याचं. मामांच्या घरात दोन माग होते, आणि कापड हातात आलं की आधी उलटं करून बघायचं ही सवय मला तिथली. विपील उलटा केला आणि गोंधळले. खांद्याला शिवण नाही, काखेत कापणी नाही. तीन लांब पट्ट्या एकमेकींना जोडलेल्या, आणि प्रत्येक पट्टीच्या चारही कडा मागावरच बंद झालेल्या. आपली साडी न शिवलेली खरी, पण मागावरून उतरवताना तिच्याही दोन टोकांना कात्री लागतेच. याला कुठेच लागली नव्हती. हे कसं विणतात ते मला बघायचं होतं.

पहिला दिवस: मेक्सिको सिटी

केरेतारोहून पहाटेच्या बसने तीन तासांत मेक्सिको सिटी. सकाळी मानववंशशास्त्राचं राष्ट्रीय संग्रहालय पाहिलं. १९६४ साली उघडलेली ही इमारत इतकी मोठी आहे की वरच्या मजल्यावरच्या कपड्यांच्या दालनांपर्यंत पोचेस्तोवर माझे गुडघे बोलू लागले. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, कारण काचेमागचं कापड मला नीट बोलत नाही.

दुपारी शहरातल्याच कोयोआकानला चित्रकार फ्रिडा काहलोचं निळं घर. तिची चित्रं मी पुस्तकांत पाहिली होती, पण मला तिचे कपडे बघायचे होते. १९५४ साली ती गेल्यावर पती दिएगो रिव्हेराने तिच्या वस्तू न्हाणीघरात ठेवून दार बंद करायला लावलं. ते उघडलं थेट २००४ मध्ये. आत सुमारे ३०० कपडे आणि दागिने निघाले.

फ्रिडाला सहाव्या वर्षी पोलिओ झाला, उजवा पाय बारीक राहिला. १९२५ साली बसच्या अपघातात मणका आणि कंबर मोडली. पुढचं सगळं आयुष्य कमरपट्ट्यांत आणि प्लास्टरच्या कवचांत. एका खोलीत ती कवचं मांडली आहेत आणि शेजारी तिचे विपील. दोन्ही एकदम पाहिल्यावर मला तिची निवड समजली. चौकोनी, सैल, कमरेपर्यंत येणारा विपील प्लास्टरवरून सहज चढतो, बसल्यावर गोळा होत नाही. खाली पायघोळ घागरा, त्याची झालर जमिनीला टेकते आणि पाय झाकते. नजर सगळी वर, नक्षीकडे, गळ्यातल्या दगडी मण्यांकडे, केसांतल्या फुलांकडे जाते.

पण नुसता पाय झाकायचा असता तर कुठलाही लांब घागरा चालला असता. तिने निवडला तो दक्षिणेकडच्या तेवान्तेपेक भागातल्या झापोटेक या मूलनिवासी समाजाच्या बायकांचा वेष. तिच्या आईकडचं मूळ वाहाकाचं. त्यात १९१० च्या क्रांतीनंतर देश स्वतःकडे नव्याने बघत होता. शहरातल्या सुशिक्षित बाईने पॅरिसच्या फॅशनऐवजी बाजारात मासे विकणाऱ्या बाईचा पोशाख घालणं हे तेव्हा उघड विधान होतं. आपल्याकडे त्याच सुमारास कुणी खादी नेसत होतं, तशातलीच ही गोष्ट, असं मी लेकीला म्हणाले. ती म्हणाली, “आई, खादीत एवढे रंग कुठे?” तेही खरंच.

१९५३ मध्ये तिचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. कृत्रिम पायावर चढवलेला तिचा लाल चामडी बूट तिथे आहे, आणि त्या बुटावर चिनी रेशमी भरतकाम लावलेलं आहे. त्या बुटापाशी मी बराच वेळ उभी राहिले. ते चिनी भरतकाम पुढे पाचव्या दिवशी मला पुन्हा भेटणार होतं.

दुसरा दिवस: प्वेब्ला

दोन तासांवर प्वेब्ला. गाव निळ्या-पांढऱ्या फरश्यांचं आहे, पण मी आले होते एका बाईसाठी, आणि ती बाई आपल्या देशातली.

मेक्सिकोत शाळेच्या कार्यक्रमात, राष्ट्रीय दिवसाला, मुलींना एक पोशाख घालतात: पांढरी, गळ्याशी रंगीत भरलेली चोळी, टिकल्या लावून चमचमणारा लाल घागरा, खांद्यावर रेबोसो, म्हणजे लांब ओढणी. याला ‘चिना पोब्लाना’ म्हणतात, प्वेब्लाची चिनी बाई. दंतकथा अशी की हा पोशाख कातारिना दे सान ह्वान नावाच्या बाईने आणला. ही कातारिना चीनची नव्हती. त्या काळी समुद्रापलीकडून येणारा आशियातला कुणीही तिकडे ‘चिनो’च. तिच्या चरित्रकारांनी लिहून ठेवल्याप्रमाणे तिचं मूळ नाव मिर्रा, ती हिंदुस्थानातली. लहानपणी पोर्तुगीज चाच्यांनी तिला पळवलं. कोचीला तिचा बाप्तिस्मा झाला, मनिलाच्या बाजारात ती विकली गेली आणि १६२० च्या आसपास गलबतातून आकापुल्कोला उतरून प्वेब्लातल्या एका घरात गुलाम म्हणून आली. पुढे तिला दृष्टान्त होतात अशी तिची ख्याती झाली. १६८८ च्या जानेवारीत ती वारली तेव्हा दर्शनाला लोटलेल्या गर्दीने तिच्या अंगावरच्या कपड्याचे तुकडे प्रसाद म्हणून तोडून नेले म्हणतात. आलोन्सो रामोस या जेझुइट पाद्र्याने तिचं तीन खंडांत चरित्र लिहिलं, आणि धर्मन्यायालयाने पुढे त्यावर बंदी घातली.

जेझुइटांच्या ज्या चर्चमध्ये तिला पुरलं तिथे आम्ही गेलो. दुपारची वेळ, आत दोन-तीन माणसं. कुठलं गाव तिचं, आईबाप कोण, माहीत नाही. मी मनातल्या मनात तिला हाक मारली. कुठल्या भाषेत मारायची हा प्रश्न पडला, शेवटी मराठीतच मारली.

आता पोशाखाचं खरं. इतिहास असं सांगतो की कातारिना आयुष्यभर साध्या, गडद, जाड्याभरड्या कपड्यांत राहिली. टिकल्यांचा लाल घागरा घालणाऱ्या बायका तिच्यानंतर दीडशे वर्षांनी, एकोणिसाव्या शतकातल्या मेक्सिकोत दिसतात. शहरात राहणाऱ्या, स्वतः कमावणाऱ्या, ताठ मानेने चालणाऱ्या मिश्र वंशाच्या बायका. दोन्ही गोष्टी लोकांनी नंतर जोडल्या. लेकीला हे ऐकून वाईट वाटलं. मला तसं वाटलं नाही. एका देशाने आपल्या सणाच्या पोशाखाची आई म्हणून गुलामगिरीत आलेल्या परदेशी मुलीला निवडावं, यात त्या देशाबद्दल काहीतरी चांगलं कळतं.

रात्री भोपळ्याच्या फुलांच्या केसाडिया खाल्ल्या. शाकाहारी माणसाचं इथे अडत नाही.

तिसरा दिवस: वाहाका

बसने सुमारे पाच तास, डोंगरातून. वाटेत काटेरी निवडुंगांची अख्खी जंगलं. वाहाका शहरात शिरलो तर सगळीकडे झेंडू. ट्रक भरून झेंडू, उंबऱ्यावर झेंडू, चर्चच्या पायऱ्यांवर झेंडू. दोन नोव्हेंबरला मृतांचा दिवस, त्याची तयारी. दसऱ्याला दारात बांधतो तो आपला झेंडू मूळचा याच मातीतला. इथे त्याला ‘सेम्पासुचिल’ म्हणतात. जुन्या नावातल भाषेत त्याचा अर्थ वीस फुलं, म्हणजे पुष्कळ पाकळ्यांचं फूल. आठ दिवसांपूर्वी मी याच फुलांचं तोरण ओवलं होतं. तिथे लक्ष्मीसाठी, इथे घरी परत येणाऱ्या पितरांना वाट दिसावी म्हणून.

वाहाका राज्यात १६ मूलनिवासी समाज आहेत आणि कपडा पाहून गाव सांगता येतं, अशी इथली रीत. २००८ साली उघडलेल्या वस्त्रसंग्रहालयात मला माझ्या विपीलचं उत्तर मिळालं. अंगणात एक बाई बसून विणत होत्या. तो माग बघून मी अवाक झाले, कारण माग असा नव्हताच. काही काठ्या आणि धागे. वरची काठी खांबाला दोरीने बांधलेली, खालची काठी पट्ट्याने त्यांच्या कमरेला. खड्डा नाही, पावडी नाही, चौकट नाही. बाई किंचित मागे रेलल्या की ताणा ताठ होतो, पुढे झुकल्या की सैल पडतो. मागाचा अर्धा भाग म्हणजे विणणारीचं अंग.

आणि चार बंद कडांचं रहस्य असं: उभा धागा दोन टोकांच्या काठ्यांमध्ये अखंड फिरवलेला असतो, कुठेही तोडलेला नसतो. विणत विणत शेवटच्या वितीवर आलं की धाग्यांमधून काठी फिरेना होते. मग उरलेलं कापड सुईने, एकेक ओळ, विणून बंद करायचं. सगळ्यात जास्त वेळ त्या शेवटच्या वितीला लागतो, असं बाईंनी सांगितलं. आणि कापायचं का नाही, असं मी विचारलं तेव्हा त्या माझ्याकडे जरा नवलाने बघत म्हणाल्या, “पुरं झालेलं कशाला कापायचं?” अशा दोन-तीन पट्ट्या रंगीत टाक्यांनी जोडल्या, डोक्यासाठी जागा ठेवली, की झाला विपील. स्पॅनिश लोक येण्याआधी शेकडो वर्षांपासून तो असाच आहे.

आत एक ‘पोसावान्को’ पाहिला. किनाऱ्याकडच्या पिनोतेपा दे दोन लुईस या गावातल्या मिश्तेक बायकांचं कमरेला गुंडाळायचं आडव्या पट्ट्यांचं वस्त्र. त्यात तीन रंग: किड्याचा लाल, निळीचा निळा आणि समुद्री गोगलगायीचा जांभळा. हा जांभळा मिळवायला रंगारी भरती-ओहोटी बघून खडकांवर जातात. गोगलगाय उचलायची, फुंकर घालायची, ती सोडते तो दुधासारखा रस सुताच्या लडीवर घ्यायचा आणि तिला परत ओल्या खडकावर, सावलीत ठेवायचं. रस आधी पांढरा, मग उन्हात पिवळा, हिरवा, शेवटी जांभळा होतो. गोगलगाय जिवंत राहते, महिन्याभराने पुन्हा रस देते. १९८० च्या दशकात एका जपानी कंपनीसाठी हाच रस बेसुमार काढला गेला, गोगलगायी मरू लागल्या, तेव्हा गावाने आणि शास्त्रज्ञांनी आवाज उठवून ते थांबवलं. रंगारी आता मोजकेच उरले आहेत. त्या जांभळ्या पट्टीकडे बघताना मला घरी परतायची घाई नकोशी वाटली.

रात्री जेवताना दुसऱ्या टेबलावर चपलांचा विषय निघाला होता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आदिदासने एक बूट काढला, वरचा भाग हुबेहूब वाहाकातल्या याललाग गावच्या विणीच्या चामडी चपलेसारखा, ज्याला ‘वाराचे’ म्हणतात. गावाला कुणी विचारलं नव्हतं. राज्य सरकारने आक्षेप घेतला, राष्ट्राध्यक्षही बोलल्या, आणि कंपनीच्या लोकांनी याललागला जाऊन जाहीर माफी मागितली. मी लेकीला म्हटलं, त्यांना सांग, जूनमध्ये मिलानला प्राडाने आमची कोल्हापुरी अशीच मंचावर आणली होती, कोल्हापूरचं नाव न घेता. तिने सांगितलं. मोबाइलवर कोल्हापुरीचा फोटो फिरला. त्या टेबलावरचे एक आजोबा फोटोवर बोट ठेवून वेणीची वीण निरखत राहिले. “अंगठा वेगळा आहे,” ते म्हणाले, “पण हात आमच्यासारखाच आहे.”

चौथा दिवस: तेओतित्लान देल वाये

शहरापासून ३० किलोमीटरवर झापोटेक विणकरांचं गाव. रस्त्याने चालताना घराघरातून मागाचा आवाज, आणि मला एकदम येवल्याची गल्ली आठवली. हा आवाज कानाला ओळखीचा वाटायला कारण आहे: इथला माग पायाने चालवायचा, मोठा, लाकडी. सोळाव्या शतकात स्पॅनिश धर्मगुरूंनी तो आणला, मेंढ्याही त्यांनीच आणल्या. त्याआधी इथे कमरेचा मागच होता. आज गावाचं नाव आहे ते लोकरीच्या गालिच्यांसाठी, ‘तापेते’. नक्षी जवळच्या मित्ला इथल्या जुन्या वास्तूंच्या भिंतींवरची, दगडात बसवलेली पायऱ्यांसारखी, वळणावळणाची.

एका घरात गेलो. आजोबांनी मागावरचा गालिचा माझ्यासमोर उलटा केला. दोन्ही बाजू सारख्या! माझ्या तोंडून “पैठणी!” असं निघून गेलं. पैठणीच्या पदरात प्रत्येक रंगाची कांडी वेगळी चालते, जिथे रंग संपतो तिथे तो शेजारच्या धाग्यात अडकून मागे वळतो, म्हणून मागच्या बाजूला लोंबणारे धागे नसतात. इथेही तंतोतंत तसंच, फक्त रेशमाऐवजी लोकर. मी लेकीकरवी ते समजावू लागले. शेवटी आजोबांनी मला मागावर बसवलं आणि म्हणाले, दाखवा. माझा हात पस्तीस वर्षांनी बाण्याला लागला. दोन ओळी बरोबर आल्या. तिसरी चुकली, ती त्यांनी न बोलता उसवली.

मग अंगणात रंग. भिंतीला टेकून निवडुंगाच्या चपट्या फडी, त्यांवर पिठासारखे पांढरे ठिपके. त्यातला एक ठिपका सूनबाईंनी माझ्या तळव्यावर ठेवून बोटाने चिरडला. रक्तासारखा लाल. हा ‘कोचिनिया’ किडा. रंग मादीत असतो. वाळवलेले साधारण ७०,००० किडे लागतात तेव्हा एक पौंड भरतो. तळव्यावरच्या लालवर त्यांनी लिंबू पिळलं, तो केशरी झाला. चिमूटभर चुना टाकला, जांभळा. एका किड्यातून, स्वयंपाकघरातल्या दोन वस्तूंनी, तीन रंग.

चांदीच्या खालोखाल हाच किडा स्पेनने या देशातून सगळ्यात जास्त कमावला. युरोपात तोवर असा लाल नव्हता. पाद्र्यांचे झगे, ब्रिटिश अधिकाऱ्यांचे लाल डगले, सगळं यातून. स्पेनने हा रंग कशाचा हे इतकं दडवलं की ते बी आहे की किडा यावर युरोपातले विद्वान वर्षानुवर्षं वाद घालत राहिले. १७७७ साली तिएरी द मेनोंव्हिल हा फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ वाहाकापर्यंत येऊन जिवंत किडे निवडुंगासकट चोरून घेऊन गेला. आणि या गोष्टीचं एक टोक आपल्याकडे येतं. ईस्ट इंडिया कंपनीलाही हा धंदा हवा होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासला खास निवडुंगाची बाग लावली, १७९५ मध्ये किडे आणवलेही, पण हाती आली ती हलकी जंगली जात. धंदा बसला नाही. निवडुंग मात्र देशभर माजला. आमच्या येवल्याच्या बांधांवर फड्या निवडुंग होता, त्याची लाल बोंडं खाऊन आम्ही पोरं एकमेकांना रंगलेल्या जिभा दाखवायचो. ते झाड मूळचं अमेरिकेतलं हे मला पन्नाशी उलटल्यावर, एका परक्या अंगणात कळलं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखान्यांचे रासायनिक रंग आले आणि कोचिनियाचा बाजार कोसळला. आजही या गावात सगळे नैसर्गिक रंग वापरतात असं नाही. रासायनिक रंगांतले गालिचे स्वस्त पडतात आणि तेच जास्त खपतात. सूनबाईंनी ते सरळ सांगितलं. त्या स्वतः निळीचा निळा, झेंडूच्या जातीतल्या एका रानफुलाचा पिवळा आणि कोचिनिया वापरतात. आधी बायका लोकर पिंजायच्या, सूत काढायच्या आणि मागावर बसायचे पुरुष. आता कित्येक बायका विणतात, त्यांच्या सहकारी संस्था आहेत, आणि गालिच्यावर विणणारीचं नाव असतं. मी पायपुसण्याएवढा एक तुकडा घेतला. त्यांनी सांगितली ती किंमत दिली. येवल्याला दुकानदार मामांशी कसा घासाघीस करायचा ते मी लहानपणी उंबऱ्यात बसून ऐकलेलं आहे.

पाचवा दिवस: हुचितान

पाच-सहा तास वळणांचा घाट उतरून संयोगभूमीवर आलो. मेक्सिकोतली, दोन समुद्रांमधली ही सगळ्यात अरुंद जागा. वारा इतका की उभं राहवत नाही. उकाडा आपल्या मे महिन्यासारखा.

हुचितानचा बाजार बायकांचा आहे. विकणाऱ्या त्याच, भाव ठरवणाऱ्या त्याच, आवाजही त्यांचाच. फ्रिडाने घातला तो तेवान्तेपेकचा, म्हणजे ‘तेवाना’ वेष यांचा. काळ्या किंवा मोरपंखी मखमलीचा आखूड विपील आणि तसाच घागरा, दोन्हींवर तळहाताएवढी फुलं: गुलाब, शेवंती, पॉपी. पाकळीचा रंग आतून बाहेर पाच-सहा छटांनी फिकट होत जातो. घागऱ्याच्या खाली पांढऱ्या झालरीचा पट्टा. लग्नाकार्यात डोक्यावर झालरीचा मोठा पांढरा साज, चेहऱ्याभोवती सूर्यासारखा. एकेकाळी १० पेसोच्या नोटेवर अशी एक तेवाना होती.

आता ही फुलं कुठून आली ते ऐका. मखमल युरोपची. साखळीच्या टाक्याचं दुसऱ्या प्रकारचं काम करायला वापरतात ते शिलाई मशीन अमेरिकेचं. आणि ही मोठाली रेशमी फुलं, अभ्यासकांच्या मते, मनिलाच्या शालींवरची. १५६५ ते १८१५, अडीचशे वर्षं मनिला ते आकापुल्को गलबतं चालत होती. त्यांतून चिनी रेशीम, भरलेल्या शाली, मसाले, आणि मिर्रासारखी विकलेली माणसंही आली. फ्रिडाच्या लाल बुटावरचं चिनी भरतकाम आठवलं.

मग प्रश्न पडतोच. यांनीही दुसऱ्यांचंच घेतलं, तर चपलेबद्दल एवढा संताप का? वाहाकातल्या त्या रात्रीपासून मी याच्यावर विचार करत होते. बाजारात भरतकामाची चौकट घेऊन बसलेल्या एका बाईंना लेकीने तसं थेट विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, “हे फूल माझ्या आजीने कुठून घेतलं मला माहीत नाही. पण तिने ते अंगावर घातलं. मुलीच्या लग्नात घातलं, गावाने पाहिलं, नावं ठेवली, दुरुस्त केलं. मेल्यावर यातच तिला पुरलं. तुमच्या त्या कंपनीतलं कोण हे घालून पुरलं जाणार आहे?”

मी हे उत्तर बसमध्ये वहीत जसंच्या तसं लिहून काढलं.

सहावा दिवस: सान क्रिस्तोबाल दे लास कासास

चियापासच्या डोंगरात, समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरवर. कालच्या उकाड्यानंतर इथे शाल लागली. प्रवासाने दमले होते, तरी सान्तो दोमिंगोच्या जुन्या मठात गेलो. तिथे माया वस्त्रांचं संग्रहालय आहे आणि ‘स्ना होलोबिल’ ही विणकर बायकांची सहकारी संस्थाही. नावाचा अर्थ त्सोत्सिल भाषेत ‘विणकामाचं घर’. १९७० च्या दशकात ती उभी राहिली तेव्हा बऱ्याच गावांत जुन्या नक्षी विसरत चालल्या होत्या. काही नक्षी चर्चमधल्या संतांच्या मूर्तींनी जपल्या होत्या: भाविक बायका मूर्तींना विपील घालतात, जुन्यावर नवा चढवतात, आणि आतल्या जुन्या विपीलांवर आजी-पणजींची वीण शाबूत होती. बायकांनी ती बघून, मोजून पुन्हा शिकली. देवाच्या अंगावरचं वस्त्र असं पाठ्यपुस्तक होतं.

इथल्या विपीलची मुख्य नक्षी म्हणजे चौकोन, टोकावर उभा केलेला, शंकरपाळ्यासारखा. मी त्याला नुसता आकार समजत होते. ते विश्व आहे. चार कोपरे म्हणजे जगाचे चार कोपरे, मधे केंद्र, वरच्या-खालच्या टोकांना पूर्व आणि पश्चिम, आणि ओळीओळीने चालतो तो सूर्याचा प्रवास. बाई जेव्हा डोकं घालून विपील घालते तेव्हा तिचं डोकं त्या विश्वाच्या मधोमध वर येतं. बेडूकही असतो: पाऊस जिथून निघतो त्या गुहेच्या दाराशी बसून तो ओरडतो.

आणि हा शंकरपाळा किती जुना? याश्चिलान या जुन्या माया शहरातल्या एका दगडी पट्टीवर आठव्या शतकातली राणी कोरली आहे. ती जिभेतून काटेरी दोर ओढून देवाला रक्त वाहते आहे आणि तिच्या अंगावरच्या वस्त्रावर शंकरपाळ्यांची नक्षी आहे. तो दगड आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. नक्षी मात्र इथेच राहिली, बाराशे-तेराशे वर्षं, कमरेला बांधलेल्या मागांवर.

सातवा दिवस: चामुला आणि सिनाकान्तान

एक नोव्हेंबर. ही दोन गावं शेजारशेजारची, भाषा एक, तरी कपडा इतका वेगळा की वळणावर दिसलेली बाई कुठल्या बाजूला वळणार हे आधीच सांगता येतं.

चामुलाच्या बायका काळ्या, दाट केसाळ लोकरीचं वस्त्र कमरेला गुंडाळतात. वारा, धुकं, पाऊस, काही आत शिरत नाही. हात लावला आणि घोंगडी आठवली, तीच जाडी, तोच मेंढीचा वास. आमच्याकडे धनगरांची लोकर, सणगरांची वीण, वर चिंचोक्याची खळ. इथे मेंढी पाळायची, कातरायची, सूत काढायचं, विणायचं आणि मळून घट्ट करायचं, सगळं बायकाच करतात. चामुलात मेंढी खात नाहीत. तिला नाव असतं, ती घरातली असते.

स्मशानात सगळं गाव जमलं होतं. थडग्यांवर पाइनच्या हिरव्या सुया अंथरलेल्या, वर झेंडूच्या पाकळ्या, मक्याची कणसं, संत्री, शीतपेयांच्या बाटल्या. बायका काळ्या वस्त्रांत जमिनीवर बसून गेलेल्यांशी बोलत होत्या, अगदी रोजच्या आवाजात. आपल्या सर्वपित्रीला आपण पान वाढून कावळ्याची वाट बघतो. मी कॅमेरा बाहेर काढला नाही. चर्चमध्ये तर फोटोला बंदीच आहे आणि ती योग्य आहे.

दुपारी सिनाकान्तान. हे गाव फुलं पिकवतं. डोंगरउतारावर हरितगृहांची पांढरी छपरं. आणि बायकांच्या अंगावर तीच फुलं, गर्द निळ्या-जांभळ्यात, मशीनने भरलेली, चमकत्या धाग्याने. पन्नास वर्षांपूर्वी याच गावाचा कपडा पांढऱ्या-लाल बारीक पट्ट्यांचा होता. फुलशेती वाढली, पैसा आला, फुलं कपड्यावर चढली, दाट झाली, रंग बदलत गेले. आता यंदाचा रंग कुठला यावर मुलींमध्ये चर्चा चालते. काही पर्यटकांना हे खटकतं. आमच्या गटातली एक बाई म्हणालीच, की हे खरं पारंपरिक नाही. मला तिचं पटलं नाही. सगळं गाव मिळून बदलतं आणि तरीही लांबून गाव ओळखू येतं, तर आणखी कसली परंपरा हवी? येवल्यात माझ्या आजीच्या काळी नव्हत्या अशा कितीतरी नक्षी आज पैठणीवर आहेत, आणि ती पैठणीच आहे.

एका घरात लग्नाचा विपील दाखवला. पांढरा, आणि खालच्या काठात कोंबडीची पांढरी पिसं सुतात पिळून विणलेली. कोंबडीला पंख आहेत पण ती अंगण सोडून उडत नाही, दोन पायांवर घरातच फिरते, घरचं खाते. नवरीनेही तसं राहावं, असा अर्थ सांगतात. घरातली तरुण सून हे सांगताना सासूकडे बघून म्हणाली, “मी मात्र तुस्त्लाला शिकायला जाते, बसने.” सासूने तिला टॉर्तियाची टोपली हातात दिली आणि दोघी हसल्या.

आठवा दिवस: पुन्हा सान क्रिस्तोबाल

दुपारी निघायचं होतं. सकाळी मठासमोरच्या बाजारात गेले. बरंच सामान कारखान्यातलं, छापील, शंकरपाळ्यांची नक्कल केलेलं. स्वस्त आहे, लोक घेतात. २०२२ पासून मेक्सिकोत मूलनिवासींच्या कलेचं सामूहिक हक्काने रक्षण करणारा कायदा आहे, पण तो या फुटपाथवर कसा पोचायचा?

कोपऱ्यात सान आंद्रेस लारायन्सार गावच्या एक आजी बसल्या होत्या. पुढ्यात फक्त दोन विपील. स्पॅनिश त्यांना थोडंच येत होतं, लेकीचं त्सोत्सिल एका शब्दापुरतं. मी लाल विपील उचलला आणि उलटा केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्याही सरकून जवळ आल्या. मागची बाजू स्वच्छ होती. एका ओळीत एक शंकरपाळा बाकीच्यांपेक्षा वेगळा, अर्ध्यातच रंग बदललेला. मी तिथे बोट ठेवलं. त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. ती त्यांची खूण होती.

किती महिने लागले? त्यांनी चार बोटं दाखवली. किंमत सांगितली, मी दिली. मग त्यांनी मला उभं राहायला सांगितलं आणि विपील माझ्या डोक्यातून घातला. दोन्ही बाजू काखेपासून खाली मोकळ्याच होत्या. विकत घेणाऱ्या अंगाचं माप आधी कुणाला ठाऊक असणार? त्यांनी माझा हात वर धरला, पदराखालून किती जागा हवी ते बोटांनी अजमावलं, सुईत लाल दोरा ओवला आणि माझ्या अंगावरच खालून वर टाके घालू लागल्या. मी साडीवर विपील घालून, हात वर करून, भर बाजारात उभी. लेक म्हणाली, आई, बस सुटेल. आजींनी दुसऱ्या बाजूची शिवण सुरू केली होती. काखेपाशी येऊन त्यांनी दोरा दाताने तोडला.

“कोलावाल,” मी म्हणाले. लेकीला येत होता तो एकच शब्द, आभाराचा.